फुकटवाली कंपनी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीण म्हणाली, ओरडणं सोडा, नाहीतर प्रेशरची गोळी वाढवावी लागेल. राग आला की बोलू नका, लिहून काढा. मी म्हटलं, बाई, मी सातवी नापास, आणि मी लिहीत बसले तर पोळ्या कोण लाटणार? ती म्हणाली, दोन ओळी लिहा. म्हणून श्रुतिकाच्या कॉलेजच्या जुन्या वहीत लिहितेय. श्रुतिका माझी मुलगी, लग्न होऊन बोरिवलीला असते. तिनं माझ्या शुद्धलेखनाला हसायचं नाही. तिनं हे वाचायचंच नाही.

आजचा राग जयंतीबेनवर. मुलुंडला मिठागर रोडवर माझं पोळी-भाजी केंद्र आहे, गाळा भाड्याचा. बरोबर समोर ह्या बाईनं एप्रिलात फुलक्यांचं दुकान टाकलं. आज पाटी लावली, फुलका एक रुपयानं कमी. दुपारी माझी नेहमीची गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून गेली. त्यातल्या एकीनं तर जाता जाता मला हात केला. मग मीपण पाटी पुसली आणि रुपया कमी केला. पिठाचा भाव काय झालाय हे त्या बाईला माहीत नाही का? माहीत आहे. मलाही माहीत आहे.

त्यात गाळ्याचे मालक राजेशशेठ सांगून गेले की गाळा विकायचाय. पहिला हक्क तुमचा प्रेमाताई, पण गुढीपाडव्यापर्यंत. मग जो पैसे देईल त्याचा. मी म्हटलं, घेतला म्हणून समजा. ते म्हणाले, घरी विचारून सांगा. मला हसू आलं. आमच्या घरी जे काय विचारायचं ते मलाच विचारतात.

१९ सप्टेंबर

आमचे हे गेल्या महिन्यात रिटायर झाले. नाव राजाराम. नाव घेण्यापुरतंच राजा. अंधेरीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सकाळी भरलेला डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा घेऊन यायचे. मध्ये काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आता केंद्रावर येऊन स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणतात. पोळ्या न्यायला आलेला माणूस बसेल कशाला?

त्यांचा फंड आला. फंड म्हणजे आमच्याकडे देवच. सासरे गिरणीत होते, तेव्हापासून फंडाचं बोलणं निघालं की घरात टीव्हीचा आवाज कमी करतात. गाळा ह्याच फंडातून घ्यायचा हे मी ठरवलंय आणि ह्यांना सांगितलंय. पाडव्यापर्यंत पैसे कुठेतरी ठेवायला हवेत, एवढंच.

आज मी वाटण लावलं होतं. मिक्सर चालू, डोक्यावर पंखा, आणि हे दारात उभे राहून विचारतात, अगं, फंडाचे पैसे तोवर ईपीएफमध्ये ठेवू का? म्हटलं, फंडाचे पैसे ईपीएफमध्ये नाही ठेवणार तर काय पिठाच्या डब्यात ठेवणार? मग म्हणाले, कंपन्या खूप आहेत, माल सगळ्यांचा एकच, फी मात्र वेगवेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या क्षमाचा मुलगा यज्ञेश ह्याच कामात आहे, तो म्हणतो मोठ्या कंपनीत जा, थोडी फी घेते पण टिकेल. एक नवीन आहे, तिची फी शून्य.

सरकारी फंडातपण कंपन्या आल्या ह्याचं मला जरा नवल वाटलं. पण हल्ली कशात येत नाहीत? मोबाइलचं कार्ड बदलतात तसं फंडाचंही झालं असेल. म्हटलं, फुकटवाली घ्या ना, त्यात विचारायचं काय. ते 'बरं' म्हणून गेले. ह्या माणसाला साधी शाम्पूची पुडी आणायला सांगितली तरी दुकानातून फोन करतो, कुठली आणू.

२ ऑक्टोबर, दसरा

बँकेच्या फेऱ्या मारून पैसे कधीच पुढे गेले होते म्हणे, पण काम दसऱ्यालाच करायचं म्हणून हे थांबले होते. संध्याकाळी सातला यज्ञेश खाली आला. दोघांनी मोबाइलला हळदकुंकू लावलं. ह्यांनी त्यावर बोट टेकवलं. मी विचारलं, आज गांधी जयंतीला कुठलं ऑफिस उघडं आहे? हे म्हणाले, तिकडे आत्ता कुठे सकाळ झालीय. मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी पुढे विचारलंच नाही.

हल्ली हे रोज सातला मोबाइल काढून बसतात आणि बोलतात. आज काय, तर अमुक कंपनीनं फी अर्धी केली, लगेच तमुकनं त्याच्या अर्धी केली, एकीनं तर सांगितलं, पहिलं वर्ष घेणारच नाही. मी म्हटलं, हे तर मला जयंतीबेन रोज दाखवते. तर हे हसले. मोठ्यानं. ह्यांच्या दाढा मी पहिल्यांदा बघितल्या असतील. त्यातली एक काढायला झालीय.

पेढे आणले होते त्यांनी. न विचारता.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भराभरा लिहितेय, अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही.

क्षमा फराळ घेऊन आली. शंकरपाळे नेहमीसारखे कडक. निघताना दारात म्हणाली, "यज्ञेश म्हणत होता बिटकॉइन पडलाय. राजारामभाऊंनी टेन्शन घेतलं नाही ना गं?"

म्हटलं, कसलं कॉइन?

ती म्हणाली, अगं, तुमच्या फंडाचं. मग माझं तोंड बघितलं आणि जिना चढून पळाली.

टीव्हीवर बघितलंय मी हे बिटकॉइन. कुणाला ना कुणाला त्यात लुबाडलेलं असतं आणि पोलीस समोर कॉम्प्युटर मांडून बसलेले असतात. ते नाणं कुणी बघितलेलं नाही. हाताला लागत नाही, वाजत नाही. आणि आमचा फंड त्यात आहे.

हे श्रुतिकाला सोडायला गेलेत. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दाराशी जातेय. घाबरायचं त्यांनी, तर मीच घाबरलेय.

२४ ऑक्टोबर

काल हे आत आले आणि त्यांनी चपला काढायच्या आधीच मी विचारलं, फंड कुठे आहे?

म्हणाले, फंडातच आहे. आत बिटकॉइन आहे. आपल्याला नाणं ठेवावं लागत नाही, पासवर्ड सांभाळावा लागत नाही, कंपनी घेऊन ठेवते, आपल्याकडे तिचा कागद. अमेरिकेच्या सरकारनं परवानगी दिलीय, म्हणून तर एवढ्या कंपन्या तुटून पडल्यात.

मी म्हटलं, आमच्या फंडात अमेरिकेचं सरकार कुठून आलं? मला न विचारता एवढं केलंत?

"तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "मिक्सर चालू होता."

"मला ईपीएफ विचारलंत तुम्ही."

"हो. तेच की."

तोंडावर खोटं बोलतात आणि चेहरा असा, जसं काही मलाच वेड लागलंय. मी रात्री जेवले नाही. ह्यांनी माझं ताट झाकून ठेवलं. ते बघून आणखी राग आला.

२१ नोव्हेंबर

आणखी पडलं. यज्ञेशकडून काढून घेतलं मी, ह्यांना विचारत नाही. तिसरा हिस्सा गेला. म्हटलं, काढा सगळे. हे म्हणाले, आज काढले तर गेलेले गेलेच, पाडव्याला वेळ आहे. आणि मी ऐकलं. खरं सांगते, मलाच तो तिसरा हिस्सा सोडवेना. कुठेतरी वाटलं, येईल परत. म्हणजे ज्याच्यावरून मी शिव्या घालतेय त्याचीच मी वाट बघतेय.

हे आता सात वाजता मोबाइल काढत नाहीत. माझ्या बाजूला बसून मालिका बघतात. कुणाचं लग्न कुणाशी लागलं ते विचारतही नाहीत.

जयंतीबेननं फुलक्याबरोबर लसणाची चटणी फुकट द्यायला घेतली. मी उद्यापासून लोणचं.

९ जानेवारी

यज्ञेश आला, चपला न काढता दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, तुमचा फंड बंद होतोय."

आमच्या घरात हा शब्द चालत नाही. रात्री केंद्राचं शटर ओढलं तरी दुकान वाढवलं म्हणायचं. सगळेच म्हणतात तसं, पण सगळे सवयीनं म्हणतात, आम्ही भिऊन म्हणतो. सासरे धोंडू गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. संप झाला, आणि मग एक दिवस कुणीतरी चाळीत येऊन एवढंच सांगितलं, बंद झाली. पुढे त्यांचा फंड, त्यांची ग्रॅच्युइटी ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिली आणि मागोमाग सासरे. सासूबाईंच्या पाटल्या त्यात गेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते सकाळी अंघोळ करून, खिशात गिरणीचा पास ठेवून खिडकीत बसायचे. कशाची वाट बघतात हे विचारायची माझीसुद्धा हिंमत नव्हती.

यज्ञेश पुढे बोलत होता. एवढ्या कंपन्यांनी तोच माल काढला, काकी, गिऱ्हाईक सगळं मोठ्यांकडे गेलं, ह्यांनी ओढायला फी शून्य केली तरी कुणी येईना. शून्यावर कोण किती दिवस चालवणार? पैशाचं काय ते पत्र येईल. असं बरंच. मला बंदच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही. हे खुर्चीत बसले होते आणि मला त्यांच्या जागी सासरे दिसले, तसेच, पांढरा शर्ट घालून.

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. गोळी दोनदा घेतली.

१२ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण झोप येणार नाही.

ह्यांना घेऊन अंधेरीला यज्ञेशच्या ऑफिसात गेले. घाटकोपरपर्यंत बस, पुढे मेट्रो. वाटेत बोलले नाही, राग साठवून ठेवला. काचेचं ऑफिस, कुंडीत खोटी झाडं. समोर एक मुलगी बसलेली, अस्मिता म्हणून, श्रुतिकाच्याच वयाची. पाण्याचा ग्लास पुढे केला, मी बाजूला सारला.

आणि सुरू झाले. सगळं ऑफिस उभं राहिलं, इतक्या जोरात. म्हटलं, गरिबाच्या ईपीएफचे पैसे नाण्यात घालता, वर बंद करून पळता? पोलीस आणते. हा माणूस सापडला तुम्हाला, कारण ह्याला फसवणं सोपं आहे. ह्याला शाम्पूची पुडी धड आणता येत नाही. ह्यानं जन्मात एक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केली आणि ती ही.

हे बाजूला उभे होते. पिशवी दोन्ही हातांत धरून.

अस्मिता थांबली माझं संपेपर्यंत. मग म्हणाली, "मावशी, ईपीएफ नाही. ईटीएफ."

"तेच म्हणतेय मी."

"तेच नाही. पी नाही, टी. टेबलाचा टी."

म्हटलं, एका अक्षरानं काय होतंय? तिनं सांगितलं काय होतं ते. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं. ईपीएफ म्हणजे पगारातून कापतात तो सरकारी फंड. त्यात बाहेरून कुणाला पैसे ठेवताच येत नाहीत, काकांचा तर हिशेबही मिटला होता. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळतो तो. त्यातले काही बिटकॉइनचे, त्यांच्यात सध्या मारामारी चाललीय, म्हणून फी एवढी खाली.

माझ्या कानात मिक्सर चालू झाला. ऑफिसात मिक्सर नव्हता, तरी मला तो ऐकू आला. दारात उभं राहून ह्यांनी विचारलं होतं. ह्यांनी टी म्हटलं असणार. मी पी ऐकलं, आणि वर बोलले, विचारताय काय.

यज्ञेशचं तोंड लाल झालं होतं. त्याच्या साहेबांसमोर मी त्याला चोर म्हटलं होतं. तो म्हणाला, "काकी, काका मोठीच कंपनी घेणार होते. दोन आठवडे वाचत होते ते. तुम्ही फुकटवाली म्हणालात म्हणून फक्त—"

ह्यांनी हात वर केला. "असू दे रे."

एवढंच. मग अस्मिताला म्हणाले, पत्र कधी येईल, ते पोचल्याची सही कुठे करायची. शांतपणे, स्टोअरचं सामान मोजून घेतात तसं. पाण्याचा तो ग्लास उचलून प्यायले आणि रिकामा परत जागेवर ठेवला.

मेट्रोत समोरासमोर बसलो होतो. मी ह्यांच्याकडे बघत होते. ते खिडकीबाहेर. साकीनाका गेलं, असल्फा गेलं, घाटकोपर आलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला. ह्यांनी घेतला, खाल्ला, हात पुसला. गोड बोला म्हणायचं असतं, ते म्हणायचं सोडून मी डब्याचं झाकण लावलं.

आज केंद्रावरून दुपारची विश्रांती म्हणून घरी आले तर हे नाहीत. कपाटातले दोन शर्ट नाहीत. क्षमाला सांगून गेलेत, गावी जातो, बहिणीकडे, देवगडला. मला नाही, क्षमाला.

संध्याकाळी फोन लावला. सोनूबाईंनी उचलला, त्यांची मोठी बहीण. म्हणाल्या, "राजू पोचलो गे. खळ्यात बसलो हा. काय झाला काय तुमचा?" म्हटलं, काही नाही, आराम करायला आलेत. त्या म्हणाल्या, "आराम? ह्येका? ह्यो काय करता तो आराम नाय." आणि ठेवला.

चिडून गेले असते तर समजलं असतं. भांडून गेले असते तर मी पण भांडले असते. हे असं निघून जाणं मला कुठे पकडावं तेच कळत नाही.

२९ जानेवारी

बँकेचा मेसेज आला, ह्यांच्या खात्याला नंबर माझाच दिलाय. यज्ञेशला वाचायला लावला. त्याच्याकडे जाताना दारात दोनदा मागे फिरले, पण गेले. त्यानं वाचला आणि म्हणाला, काकी, आले पैसे.

म्हटलं, कसले आले?

फंडाचे. फंड बंद केला म्हणजे आतलं बिटकॉइन त्या दिवसाच्या भावानं विकून ज्याचे त्याला परत. मध्ये भाव थोडा वर आला होता, म्हणून पाचवाच हिस्सा गेला.

मी पायरीवरच बसले. बंद झालं आणि पैसे आले. कुणाच्या मागे फिरावं लागलं नाही, पाटल्या गेल्या नाहीत. असं होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. यज्ञेश म्हणाला, मी त्या दिवशी हेच सांगत होतो, तुम्ही ऐकत नव्हता. क्षमा आतून म्हणाली, यज्ञेश, गप बस.

सासऱ्यांना कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. मीसुद्धा पासबुक छापून आणलं तेव्हा ठेवला.

६ फेब्रुवारी

सकाळी वरून रडण्याचा आवाज. वर गेले. क्षमा ओट्याला टेकून रडत होती. यज्ञेश बिछान्यात, पांघरूण तोंडावर.

काल भाव कोसळला. ह्यांनी घेतला होता त्याच्या निम्म्यावर आला. यज्ञेशचे स्वतःचे सगळे त्यातच, मोठ्या कंपनीच्या फंडात. जो टिकेल म्हणून तो ह्यांना सांगत होता. टिकला ना. चालूच आहे. चालू आहे म्हणून तर आत अडकलाय.

मी चहा टाकला, क्षमाला प्यायला लावला. डोकं चालेना. हे त्यांच्या डोक्यानं गेले असते तर मोठ्या कंपनीत असते आणि आज आमचाही फंड अर्धा झाला असता. मी चुकीचं ऐकलं, उर्मटासारखं बोलले, हावरटासारखी फुकटवाली निवडली, आणि ती बुडाली म्हणून आम्ही वाचलो. ह्यात मी बरोबर कुठे होते? कुठेच नव्हते. मग देवाचे आभार मानायचे की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची?

क्षमा म्हणाली, तू नशीबवान गं. तिच्या तोंडून ते ऐकायला अजिबात बरं वाटलं नाही.

१० मार्च

पाडवा पुढच्या आठवड्यात. गाळ्याला जे कमी पडतात ते श्रुतिका आणि जावई घालतो म्हणाले. राजेशशेठनी दोनदा माणूस पाठवला. पैसे ह्यांच्या खात्यात, सही ह्यांची लागणार. म्हणून फोन केला. ह्या दोन महिन्यांत आमचं बोलणं म्हणजे जेवलात का, जेवलो.

मी ठरवलेलं सगळं एका दमात बोलले. पैसे जमतात, गाळा घेते, सहीला या. ते म्हणाले, "बरं." नेहमीसारखं.

फोन ठेवणारच होते. मग काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तिकडे कोंबडा ओरडला.

"मला?" ते म्हणाले.

"नाही, कोंबड्याला."

मग म्हणाले, "गाळा नको घेऊ."

म्हटलं, परत बोला. हल्ली मी सगळं दोनदा विचारते.

"नको घेऊ गं. तिकडे काय झालं बघितलंस ना? डझनभर कंपन्या, आत सगळ्यांच्या तेच नाणं. वेगळं काही नाही म्हटल्यावर कापायला फक्त फी राहते. कापत कापत शून्य. मग लहान मेला. मिठागर रोडला आता पाच केंद्रं आहेत. तू रुपया कमी केलास, तिनं चटणी दिली, तू लोणचं दिलंस. पुढे काय देशील?"

"म्हणजे माझी पोळी आणि तिची पोळी सारखी?"

"खाणाऱ्याला सारखीच."

लग्नापासून ह्या माणसानं माझ्या हातची पोळी खाल्ली. एक दिवस खारट म्हणाला नाही, एक दिवस कच्ची म्हणाला नाही. मला वाटायचं, आवडते. आणि आज सांगतो सारखीच. फोन आपटायला हात वर गेला होता. पण हे थांबत नव्हते. एका दमात बोलत होते आणि आवाज कापत नव्हता. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ तू फक्त रविवारी आपल्यापुरती करतेस, म्हणाले, ती आपल्या बाजूला कोण विकतं सांग. त्याला विकतचा गाळा लागत नाही. हॉस्पिटलकडे भाड्याची जागा बघू. चाललं तर चाललं, नाही चाललं तर भाडं थांबवता येतं. राहिलेला फंड बँकेत असू दे. साध्या बँकेत.

मी विचारलं, एवढं सगळं डोक्यात होतं तर आधी का बोलला नाहीत?

"विचारतेस कुठे?"

विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आता विचारलं, उत्तर आलं, त्याचं काय करू? पाच वर्षं त्या गाळ्यात उभी आहे मी. फरशीवर माझ्या टाचांचे डाग आहेत.

ठेवताना म्हटलं, आणि अंधेरीला शाम्पूचं बोलले, ते चुकलं माझं.

"नाही," ते म्हणाले. "ते खरं आहे."

१८ मार्च, बुधवार

आठ दिवस स्वतःशीच भांडले. सगळ्या बाजूंनी विचार केला, त्यांचं म्हणणं खोटं ठरेना. आज दुपारी गिऱ्हाईक मोजायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिलं. मोजायची गरज नव्हती, जयंतीबेनसुद्धा गालाला हात लावून रिकामी बसली होती.

संध्याकाळी राजेशशेठकडे गेले. त्यांनी पेन काढून ठेवलं होतं, मिठाईपण मागवली होती. म्हटलं, शेठ, गाळा नको.

ते म्हणाले, पैसे कमी पडत असतील तर थोडं मागेपुढे करू.

"पैसे आहेत. आमचे हे नको म्हणाले."

शेठ हसायला लागले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना वाटलं, मी त्यांची गंमत करतेय. "प्रेमाताई, तुमच्याकडे हे बोलतात?" मी हसत नाही हे बघून मग थांबले. पेन खिशात ठेवलं. एक काजू कतली मला दिली, एक स्वतः घेतली. महिनाअखेरपर्यंत सामान हलवा म्हणाले.

रस्त्यावर आले. एवढी मोठी गोष्ट, आणि माझ्या तोंडून दुसऱ्याचं म्हणणं बाहेर पडलं होतं. तिथेच कडेला उभं राहून ह्यांना फोन लावला. म्हटलं, नाही सांगून आले शेठना.

तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कटला.

"खरंच?" हे म्हणाले. त्यांना माझ्यापेक्षा मोठा धक्का बसला होता. मग घाईघाईनं, अगदी घाबरून, "अगं, पण माझं चुकलं तर?"

म्हटलं, चुकलं तर चुकलं. गाडी कधीची पकडताय ते सांगा.